कारकून निवडायला मानसशास्त्र कशाला? नोकरभरतीच्या चाचण्या कुठून आल्या आणि किती खऱ्या ठरतात

बँकांच्या क्लार्क भरतीची प्राथमिक परीक्षा म्हणजे १०० प्रश्न आणि ६० मिनिटं. इंग्रजी, आकडेमोड आणि रीझनिंग, प्रत्येकाला २० मिनिटं. परीक्षा झाली की दरवर्षी एक तक्रार हमखास ऐकू येते: गोल टेबलाभोवती बसलेल्या आठ जणांपैकी कोणाच्या डावीकडे कोण, हे ओळखण्याचा आणि काउंटरवर ग्राहकाचं काम करण्याचा संबंध काय?

तक्रार रास्त आहे. हाच प्रश्न शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या विमा कंपन्या आणि टेलिफोन कंपन्यांमध्ये विचारला गेला होता. त्याचं उत्तर शोधण्याची एक रीतही तेव्हाच ठरली. ती रीत समजली की कुठल्याही भरती-परीक्षेकडे बघताना नेमकं काय विचारायचं ते कळतं.

## चाचण्या नव्हत्या तेव्हा

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत कचेऱ्या अवाढव्य होत होत्या. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन लाइफ या विमा कंपनीत हजारो कारकून एका छताखाली काम करत. प्रत्येक पॉलिसीचं कार्ड, प्रत्येक हप्त्याची नोंद, प्रत्येक पत्राची प्रत. त्यातली एक नोंद चुकीच्या नावावर पडली तर ती शोधायला चार माणसांचा दिवस जाई.

एवढी माणसं निवडायची कशी? अर्जातलं हस्ताक्षर, कोणाची तरी शिफारस आणि हेडक्लार्कची नजर. त्या काळात 'चेहऱ्यावरून स्वभाव' सांगणाऱ्यांचाही बाजार तेजीत होता. कॅथरीन ब्लॅकफर्ड या बाईंची पद्धत बऱ्याच कंपन्यांनी उचलली होती. सोनेरी केसांचा माणूस धडाडीचा, म्हणून विक्रीला चांगला; काळ्या केसांचा चिकाटीचा, म्हणून बारीकसारीक कामाला चांगला, असा तिचा एकूण रोख. १९२२ मध्ये डोनाल्ड पॅटरसन आणि कॅथरीन लुडगेट यांनी हा दावा तपासला. लोकांना त्यांच्या ओळखीच्या सोनेरी आणि काळ्या केसांच्या माणसांचे गुणावगुण लिहायला सांगितले. दोन्ही गटांत सांगण्यासारखा फरक निघाला नाही.

मुलाखतीचं काय? वॉल्टर डिल स्कॉट या मानसशास्त्रज्ञाने १९१५ मध्ये सहा व्यवस्थापकांना विक्रेत्याच्या जागेसाठी आलेल्या त्याच ३६ उमेदवारांच्या मुलाखती घ्यायला लावल्या आणि प्रत्येकाला स्वतंत्र क्रमवारी करायला सांगितली. ३६ पैकी २८ उमेदवारांच्या बाबतीत तो वरच्या अर्ध्यात बसतो की खालच्या, यावरही सहा जणांचं एकमत झालं नाही. हे सगळे धंद्यात मुरलेले लोक होते. चाचण्यांवर टीका करताना हा आकडा लक्षात ठेवावा, कारण चाचणीची तुलना निर्दोष निवडीशी करून चालत नाही. ती या सहा जणांशीच करावी लागते.

## पहिला मोठा प्रयोग: टेलिफोनच्या मुली

ह्युगो म्युन्स्टरबर्ग हा जर्मनीहून हार्वर्डला आलेला प्राध्यापक. उद्योगधंद्यातल्या मानसशास्त्रावरचं त्याचं पुस्तक १९१३ मध्ये इंग्रजीत निघालं. त्यातला टेलिफोन ऑपरेटर मुलींचा प्रयोग आजही शिकण्यासारखा आहे.

तेव्हा कॉल हाताने जोडावा लागे. गर्दीच्या तासाला एकेका मुलीच्या वाट्याला दोनशेहून जास्त कॉल येत. दिवा लागलेला बघणं, नंबर ऐकणं, तो लक्षात ठेवणं, नेमक्या भोकात पिन खोचणं अशा १४ वेगवेगळ्या क्रिया म्युन्स्टरबर्गने एका जोडणीमागे नोंदल्या आहेत. काम न झेपून पहिल्या काही महिन्यांतच कितीतरी मुली सोडून जात. शिकवण्यावर आणि शिकतानाच्या पगारावर कंपनीने केलेला खर्च बुडत असे.

त्याने कंपनीच्या प्रशिक्षण शाळेतल्या तीसेक मुलींना चाचण्या दिल्या. चार आकडी संख्येपासून बारा आकडी संख्येपर्यंत आकडे वाचून दाखवायचे आणि मुलींनी ते आठवून लिहायचे. वर्तमानपत्राचं एक पान द्यायचं आणि सहा मिनिटांत एक ठरावीक अक्षर दिसेल तिथे खोडायला सांगायचं. पत्त्यांचे गठ्ठे लावायचे. कागदावरच्या बारीक खुणांवर पेन्सिलीचं टोक नेमकं टेकवायचं. यातली एकही गोष्ट टेलिफोन जोडण्याची नाही. पण स्मरण, लक्ष, अचूकपणा आणि वेग हे कामाचे घटक मात्र आहेत.

कंपनीने एक हुशारी केली. म्युन्स्टरबर्गला न सांगता त्या गटात मुरलेल्या, उत्तम समजल्या जाणाऱ्या काही ऑपरेटर बसवल्या. निकाल लागला तेव्हा त्या वरच्या क्रमांकांत होत्या. तीन महिन्यांनी नव्या मुलींचं प्रत्यक्ष काम आणि चाचणीतले गुण ताडून पाहिले, तर तिथेही बराच मेळ बसला.

तीस हा आकडा फार लहान आहे. तरी चाचणीवर विश्वास ठेवण्याआधी गुपचूप पडताळा घेण्याची कंपनीची कल्पना मला चाचणीपेक्षाही मोलाची वाटते.

## कारकुनाच्या चाचणीत असायचं काय?

एडवर्ड थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञाने मेट्रोपॉलिटन लाइफसाठी खास कचेरीच्या कामाच्या चाचण्या बांधल्या, आणि पुढे १९१९ मध्ये लुई थर्स्टननेही. केलेल्या बेरजा-वजाबाक्यांतल्या चुका शोधणं, चुकीच्या स्पेलिंगचे शब्द हुडकणं, दिलेल्या नियमांप्रमाणे कागदांची वर्गवारी करणं, असे त्यांचे भाग.

सगळ्यात जास्त टिकली ती १९३३ ची मिनेसोटा चाचणी. डोरोथी अँड्र्यू आणि डोनाल्ड पॅटरसन यांनी ती तयार केली. तिचे दोनच भाग. संख्यांच्या २०० जोड्या, ८ मिनिटं. नावांच्या २०० जोड्या, ७ मिनिटं. जोडीतल्या दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या असतील तर खूण करायची, नाहीतर पुढे जायचं. आपल्याकडे तशी बनवली तर अशी दिसेल:

७३०४९१८ — ७३०४९१८
५५२८१६३ — ५५२८६१३
देशपांडे वामन गोविंद — देशपांडे वामन गोविंद
मे. शहा अँड सन्स — मे. शाह अँड सन्स

दुसरी आणि चौथी जोडी वेगळी. शांतपणे बसलात तर हे कोणालाही जमेल. पण इथे एका जोडीला दोन-अडीच सेकंद मिळतात आणि नजर घसरते. खतावणी करणाऱ्याची, चेकवरचं नाव खात्याशी ताडणाऱ्याची चूक नेमकी अशीच होते.

गुण काढताना बरोबर उत्तरांतून चुकीची वजा करत. कारण साधं आहे. उत्तर 'सारखी' किंवा 'वेगळी' एवढंच असतं, तेव्हा डोळे मिटून खुणा करणाऱ्याचीही निम्मी उत्तरं बरोबर येतात. बरोबर वजा चूक केलं की अशा नशिबाची सरासरी शून्यावर येते. आजच्या बँक परीक्षेतले पाच पर्याय आणि चुकीला पाव गुण कापणं हा त्याच हिशोबाचा भाऊ आहे. अंदाजाने सोडवलेल्या पाच प्रश्नांत सरासरी एक बरोबर, म्हणजे अधिक १. चार चूक, म्हणजे वजा १. उरलं शून्य. निगेटिव्ह मार्किंग ही शिक्षा असल्याचं अनेकांना वाटतं, पण तिचं काम नुसता ठोकताळा निष्फळ करण्याचं आहे. दोन पर्याय चुकीचे आहेत हे नक्की ठाऊक असेल, तर उरलेल्या तिनांतून अंदाज लावणं म्हणूनच फायद्याचं ठरतं.

## चाचणी चांगली की वाईट, हे ठरतं कसं?

इथे दोन शब्द समजून घेऊ. एकाच माणसाने काही दिवसांनी तीच चाचणी पुन्हा दिली आणि गुण जवळपास तेवढेच आले, तर चाचणीत विश्वसनीयता आहे. चाचणीतले गुण आणि पुढचं प्रत्यक्ष काम यांचा मेळ बसला, तर वैधता आहे. वजनकाट्याने माझी उंची कोणी ठरवायला लागलं तर विश्वसनीयता भरपूर मिळेल, वैधता नाही. भरतीत खरा प्रश्न वैधतेचा.

१९२३ मध्ये मॅक्स फ्रेड याने वैधता तपासण्याचं काम पायरीपायरीने मांडलं. आज बारकावे वाढलेत, सांगाडा तोच आहे. आधी कामाची फोड करायची: हा कारकून दिवसभर नेमकं काय करतो? मग निकष ठरवायचा, म्हणजे चांगलं काम मोजायचं कशाने. टायपिस्ट असेल तर दिवसाच्या ओळी आणि दर पानी चुका, फाइलिंगवाला असेल तर चुकीच्या जागी लावलेली कार्डं. मग चाचण्यांचे नमुने माणसांना द्यायचे, गुण बंद करून ठेवायचे, कामाची मोजणी स्वतंत्रपणे करायची आणि शेवटी दोन्ही याद्या शेजारी ठेवायच्या. ज्यांचा मेळ बसत नाही त्या चाचण्या फेकून द्यायच्या. उरलेल्या चाचण्या नव्या गटावर पुन्हा तपासायच्या.

ही शेवटची पायरी सगळ्यात जास्त गाळली जायची. वीस चाचण्या चाळीस कारकुनांना दिल्या तर एखाद-दोन चाचण्यांचा मेळ निव्वळ योगायोगानेही बसतो. त्याच निवडून जाहीर केल्या की पहिला अहवाल झकास दिसतो आणि पुढच्या तुकडीवर आकडा कोसळतो.

दुसरी अडचण निकषाचीच. कारकुनाच्या कामाची मोजणी कष्टाची, म्हणून कंपन्या साहेबांकडून शेरे मागवत. थॉर्नडाइकने १९२० मध्ये दाखवून दिलं की वरिष्ठ माणूस एखाद्याची हुशारी, कौशल्य, भरवसा असे वेगवेगळे गुण वेगवेगळे मोजतच नाही. एकूण मत चांगलं असेल तर सगळेच रकाने चांगले भरतो. याला त्याने प्रभावळीचा दोष म्हटलं. निकषच असा गढूळ असेल, तर चाचणी साहेबाच्या मर्जीशी जुळते की कामाशी, हे कळायला मार्ग राहत नाही.

तिसरी अडचण दिसायला सोपी आणि फसवी. सध्या कामावर असलेल्यांवरच चाचणी तपासली, तर जे जमलं नाही म्हणून सोडून गेले ते यादीत नसतात. उरलेले सगळे बऱ्यापैकी असतात, त्यांच्यात फरक कमी, म्हणून चांगली चाचणीही फुसकी दिसते.

## मग ती बरोबर किती वेळा ठरते?

मेळ मोजायला एक आकडा वापरतात, सहसंबंध गुणांक. चाचणीची क्रमवारी आणि कामाची क्रमवारी हुबेहूब जुळली तर १. काहीच संबंध नसेल तर ०. क्लार्क हल याने १९२८ पर्यंतच्या चाचण्यांचा आढावा घेतला, तेव्हा ०.५ च्या वर हा आकडा क्वचितच जातो असं त्याला आढळलं.

०.५ म्हणजे निम्म्या वेळा बरोबर, असा अर्थ नाही. टेलर आणि रसेल यांनी १९३९ मध्ये कोष्टकं छापली, त्यातला एक हिशोब बघू. १०० अर्जदार आहेत. चिठ्ठ्या टाकून घेतले तर त्यांतले ५० काम नीट करू शकतील. चाचणीची वैधता ०.५.

जागा १० असतील आणि चाचणीतले वरचे १० घेतले, तर त्यांतले आठहून थोडे जास्त चांगले निघतात. चिठ्ठीने पाच निघाले असते. फायदा मोठा आहे. पण जागा ९० असतील तर चांगल्यांचं प्रमाण शेकडा ५० वरून फक्त ५४ वर जातं. तीच चाचणी, तेवढीच वैधता, पण घ्यायचे आहेत जवळजवळ सगळेच, तर चाचणीला निवडायला वावच नाही.

आता हाच हिशोब उलट्या बाजूने बघा. ही बाजू जाहिरातीत कधी येत नाही. पहिल्या उदाहरणात १०० पैकी ५० जण लायक होते. आठ-साडेआठ घेतले गेले. म्हणजे नाकारलेल्या ९० जणांत सुमारे ४२ जण काम नीट करू शकणारे होते. कंपनीच्या दृष्टीने चाचणी यशस्वी, कारण तिला दहाच माणसं हवी होती. त्या ४२ जणांच्या हातात मात्र 'नापास' असा कागद पडला. एका जागेमागे शेकडो अर्ज येतात तिथे ही संख्या किती फुगत असेल, त्याचा अंदाज बांधता येईल.

पेरणीआधी शेतकरी सोयाबीनचे १०० दाणे ओल्या गोणपाटात ठेवून उगवण पाहतो. सत्तर उगवले तर बियाणं चांगलं हे कळतं. पोत्यातला अमुक एक दाणा उगवेल की नाही, ते त्यावरून सांगता येत नाही. भरतीच्या चाचणीचं ज्ञान याच जातीचं आहे. ते घोळक्याबद्दल असतं, तुमच्या मुलाबद्दल नसतं.

## जास्त गुण म्हणजे जास्त चांगला कारकून?

सगळ्यांनी हे गृहीतच धरलं होतं. मॅरिअन बिल्स या संशोधक बाईंनी १९२३ मध्ये ते तपासलं. पुढे त्या एटना विमा कंपनीत गेल्या. त्यांनी कारकुनांच्या कामांची अवघडपणाप्रमाणे वर्गवारी केली आणि काही काळाने कोण टिकलं ते पाहिलं. अवघड कामांवर कमी गुणवाले गळाले, हे अपेक्षितच होतं. पण सोप्या, तेच ते करायच्या कामांवर गळाले ते जास्त गुणवाले. कंटाळले आणि गेले.

माझ्या मते या सगळ्या इतिहासातला हा सगळ्यात उपयोगी निष्कर्ष आहे, आणि सगळ्यात दुर्लक्षित. किमान गुणांची रेघ सगळेच ओढतात. कामाला जास्तीत जास्त किती गुणांचा माणूस मानवेल, हा विचार फार थोडे करतात. शिपाई किंवा क्लार्कच्या जागेसाठी इंजिनियर झालेली मुलं वरचा क्रमांक काढतात आणि वर्षाच्या आत दुसऱ्या परीक्षेच्या तयारीला लागतात. त्याचा दोष मुलांना देण्याआधी बिल्सबाईंची वर्गवारी आठवावी.

## लष्कराची चाचणी कचेरीत शिरली तेव्हा

पहिल्या महायुद्धात अमेरिकन लष्कराने सुमारे १७ लाख माणसांना बुद्धिमत्ता चाचण्या दिल्या. वाचता येणाऱ्यांसाठी 'अल्फा': आठ भाग, २१२ प्रश्न. न येणाऱ्यांसाठी चित्रांची 'बीटा'. युद्ध संपलं आणि कंपन्यांनी अल्फा जशीच्या तशी उचलली. आर्थर ओटिसची गटात घेता येणारी चाचणीही तेव्हाच बाजारात आली. स्कॉट आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९१९ मध्ये फिलाडेल्फियात कंपन्यांना सल्ला देणारी फर्म काढली. ती काही वर्षांतच बंद झाली.

१९२० च्या दशकाच्या मध्यापर्यंत हा जोर ओसरला, आणि ते होणारच होतं. अल्फा बांधली होती ती फौजेत आलेल्यांची ढोबळ प्रतवारी लावायला. फाइलिंगच्या कामाशी तिचा मेळ किती बसतो, हे न तपासताच ती वापरली जात होती. शिवाय तिच्यात अमेरिकेतल्या तुपासारख्या एका छाप मालाचं नाव देऊन 'हे काय आहे?' अशा धर्तीचे प्रश्न होते. नुकताच इटलीहून आलेला माणूस त्यात चुकला, तर ती त्याच्या बुद्धीची कमतरता कशी?

## या चाचण्यांनी अन्याय झाला का?

झाला, आणि त्याचा निवाडा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात लागला. ई. एफ. वंडरलिक हा कर्ज देणाऱ्या एका वित्तसंस्थेत काम करायचा. ओटिसच्या चाचणीवरून त्याने १९३० च्या दशकात ५० प्रश्नांची, १२ मिनिटांची चाचणी बेतली. छोटी, स्वस्त, तपासायला सोपी. ती सगळीकडे पसरली, थेट वीज कंपनीपर्यंत.

नॉर्थ कॅरोलायनातल्या ड्यूक पॉवर कंपनीच्या वीज केंद्रात कृष्णवर्णीय कामगारांना फक्त मजुरी विभागात ठेवत. त्या विभागातला सर्वांत मोठा पगार इतर विभागांतल्या सर्वांत लहान पगाराहून कमी. नोकरीतल्या भेदभावाला बंदी करणारा कायदा २ जुलै १९६५ रोजी लागू झाला. त्याच दिवसापासून कंपनीने मजुरी सोडून इतर विभागांत नव्याने लागणाऱ्यांसाठी दोन चाचण्या सक्तीच्या केल्या. त्यातली एक वंडरलिकची. त्या विभागांतले जुने गोरे कामगार मात्र चाचणीशिवाय काम करतच राहिले, आणि ठीक करत होते.

कृष्णवर्णीय कामगारांनी कंपनीवर भरलेल्या ग्रिग्ज खटल्यात १९७१ मध्ये न्यायालयाने एकमताने निकाल दिला: एखाद्या गटाला बाहेर ठेवणारी चाचणी वापरायची असेल, तर तिचा त्या कामाशी संबंध आहे हे मालकाने दाखवलं पाहिजे. हेतू वाईट नव्हता, हे पुरेसं नाही. त्याआधी जवळजवळ पन्नास वर्षं फ्रेडने जी पायरी 'करावी' म्हणून सांगितली होती, ती आता कायद्याने 'करावीच लागेल' झाली.

## हे आपल्याकडे कसं आलं?

एक धागा थेट आहे. कलकत्ता विद्यापीठात १९१६ मध्ये प्रायोगिक मानसशास्त्राचा विभाग सुरू झाला. तो उभा करणारे नरेंद्रनाथ सेनगुप्ता हार्वर्डला म्युन्स्टरबर्गच्या हाताखाली शिकले होते. मराठी मुलांसाठी बुद्धिमापन चाचण्या वि. वि. कामत यांनी बसवल्या, त्यांचं पुस्तक १९४० चं. बँकांच्या भरतीसाठी १९७५ मध्ये राष्ट्रीय बँक व्यवस्थापन संस्थेत निवड सेवेचा एक विभाग निघाला. १९८४ मध्ये तो स्वतंत्र झाला. तीच मुंबईची आयबीपीएस.

जुन्या बँक क्लार्क परीक्षेत 'क्लेरिकल ॲप्टिट्यूड' नावाचा भाग असे: दोन पत्ते सारखे की वेगळे, ते ओळखा. मिनेसोटा चाचणीची ही सख्खी नात. खातेवही हाताने लिहायची तोवर तो भाग कामाचा होता. आता नावं आणि आकडे संगणक ताडतो, म्हणून तो गेला, आणि वजन रीझनिंगकडे सरकलं. काम बदललं की चाचणी बदलावी, हे बरोबरच आहे. पण तेव्हा कामाची फोड, निकष आणि नव्या गटावरचा पडताळा हे सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं.

खाजगी कंपन्या हल्ली मोबाईलवरचे खेळ किंवा कॅमेऱ्यासमोरची मुलाखत संगणकाकडून तपासून घेतात. तिथेही विचारायचं तेच आहे. कोणत्या कामासाठी तपासली, किती माणसांवर, कामाची मोजणी कोणी आणि कशाने केली, नव्या तुकडीवर आकडा किती घसरला, आणि मराठी माध्यमातून आलेल्या मुलांचं प्रत्यक्ष काम चाचणीने वर्तवल्याइतकंच निघालं की त्याहून चांगलं? विक्रेत्याकडे या पाच गोष्टींचा कागद नसेल, तर कंपनीने करारावर सही करू नये.